चाळीस किलोची पहिलटकरीण: गरोदरपणातल्या वजनवाढीचं एक प्रकरण

गरोदर बाईला वजनाबद्दल आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, "दोन जिवांची आहेस, दुप्पट खा." दुसरा, "बेताने खा, बाळ फार वाढलं तर बाळंतपण जड जाईल." जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांमध्ये पहिला जास्त ऐकू येतो, आमच्या खेड्यांत दुसरा. दिवस राहिले तेव्हा तिचं वजन किती होतं, हे मात्र सल्ला देणारं कुणीच विचारत नाही. सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

गाव अमळनेर तालुक्यातलं, तापीकाठच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यातलं. मी तिथल्या उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. घरच्यांच्या परवानगीने लिहिते, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तिला सगळे सूनबाई म्हणतात, मीही तेच म्हणते.

वय २१, पहिलीच खेप. उंची १५० सेंटीमीटर. शेवटची पाळी १ जूनची, म्हणजे बाळंतपणाची तारीख ८ मार्चच्या आसपास. ९ ऑगस्टला, दहावा आठवडा पुरा होत असताना, तिची नोंदणी आमच्या उपकेंद्रात झाली. वजन ४० किलो. उंची मीटरमध्ये धरून तिचा वर्ग करायचा आणि वजनाला त्याने भागायचं, की बीएमआय निघतो. तिचा आला १७.८. हा आकडा १८.५ च्या खाली असेल तर बाई मुळातच कमी वजनाची. सूनबाई त्यातली. उलट्या चालू होत्या, श्रावण होता, सोमवारचे उपास होते, त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत वजन फारसं वाढेल अशी अपेक्षा नव्हतीच. या काळात अर्धा ते दोन किलो वाढलं तरी पुरे, आणि उलट्यांमुळे थोडं घटलं तरी लगेच घाबरायचं कारण नसतं.

पुढे किती वाढायला हवं? अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेल्या शिफारशी जगभर वापरल्या जातात. मूळ बीएमआय १८.५ पेक्षा कमी असेल तर पूर्ण गरोदरपणात १२.५ ते १८ किलो, १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५, आणि ३० च्या वर असेल तर ५ ते ९ किलो. आपल्या माता-बाल संरक्षण कार्डावर सरसकट ९ ते ११ किलो लिहिलेलं असतं, तिसरा महिना संपल्यावर दर महिन्याला साधारण दोन किलो. आमच्याकडच्या बायका बुटक्या, हाडापेराने बारीक; अशा बाईला १८ किलोपर्यंत ओढत न्यायचं मला पटत नाही. पण बारीक बाईसाठी कार्डावरचा आकडा ही शेवटची मर्यादा नाही, ती कमीत कमी गाठायची पातळी आहे, असं मी धरते. बाळ वाढवायच्या आधी तिच्या अंगातली जुनी तूट भरून निघायची असते.

कार्डावरची वाढ आणि खरी वाढ

ऑक्टोबर संपेपर्यंत या प्रकरणात कुणाला काही खटकलं नव्हतं. कार्डावर आकडे चढते होते. ऑगस्टमध्ये ४०. सप्टेंबरमध्ये गौरी-गणपतीला माहेरी गेली, तिथल्या अंगणवाडीत वजन झालं, ४१. ऑक्टोबरमध्ये सोनोग्राफीसाठी खासगी दवाखान्यात गेली, तिथे ४२.५. आणि ९ नोव्हेंबरला, दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते तिथे, ४३. वाढ थोडी संथ वाटावी, इतकंच.

आमच्या आशाताईंना मात्र तिच्या बांगड्या दिसल्या. लग्नात चढवलेला चुडा कोपरापर्यंत वर सरकत होता. "मॅडम, कार्ड काही का म्हणेना, पोरगी वाळत चालली," त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी सूनबाईला उपकेंद्रात बोलावलं आणि ऑगस्टमध्ये वापरलेल्याच डिजिटल काट्यावर उभं केलं. चपला काढून, शाल बाजूला ठेवून. वजन ४१.

चार नोंदी, चार काटे. एकावर चपलांसकट, एकावर शालीसकट. तपासणीच्या दिवशी ज्या काट्यावर ४३ आलं त्याची सुई कुणी उभं राहायच्या आधीच शून्याच्या पुढे होती, हे आशाताईंनी तिथेच पाहिलं होतं. गर्दीच्या दिवशी तो काटा कोण सरळ करणार? आता आम्ही दुकानातली दहा किलोची सीलबंद आट्याची पिशवी प्रत्येक काट्यावर ठेवून बघतो. काट्यात किती फरक आहे ते कळतं, आणि फरक कार्डावर लिहून ठेवता येतो. ज्यांच्या घरी गरोदर बाई आहे त्यांनी एवढं पाहावं: दर वेळी काटा एकच, वेळ साधारण तीच, अंगावर कपडे तेवढेच. वेगवेगळ्या काट्यांवरचे आकडे एका रांगेत लिहिले तर त्यातून वाढ कळत नाही.

थोडक्यात, २३ आठवडे होऊनही सूनबाईचं वजन एकच किलो वाढलं होतं. चौथ्या महिन्यापासून कमी वजनाच्या बाईचं वजन आठवड्याला साधारण अर्धा किलो वाढायला हवं. दंडाचा घेर भरला २०.५ सेंटीमीटर, २३ च्या खाली असेल तर ती कुपोषणाची खूण धरतात. गर्भाशयाची उंची २० सेंटीमीटर. या काळात जितके आठवडे साधारण तितके सेंटीमीटर, दोनचा फरक चालतो. इथे तीनचा होता. हिमोग्लोबिन ८.९. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ ते ९.९ म्हणजे मध्यम. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. साखरेची चाचणी केली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, १४० च्या आत असेल तर ठीक. तीही ठीक होती. थायरॉइडची तपासणी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहून दिली, त्यातही काही निघालं नाही. आजार नव्हता, म्हणून ताटाकडे वळले.

घरातलं ताट

आहाराची चौकशी उपकेंद्रातल्या खुर्चीवर बसून करायची नाही, हा माझा आग्रह आहे. तिथे बाई "सगळं खाते" असंच सांगते. मी संध्याकाळी घरी गेले, स्वयंपाक चालू असताना.

नोव्हेंबर म्हणजे कपाशी वेचणीचा ऐन हंगाम. पहाटे पाचला उठून कपभर चहा आणि एक टोस. मग घरातल्यांचे डबे. आठला शेतात. डबा उघडायचा दुपारी एक-दीडला: दादर जातीच्या ज्वारीच्या दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. कंबरेला झोळी बांधून संध्याकाळपर्यंत वाकून वेचणी, आणि परत येताना डोक्यावर गाठोडं. घरी आल्यावर पुन्हा चहा. रात्री आधी सासरे, नवरा आणि दीर जेवणार, मग सासूबाई, मग ती. मी तेव्हा पातेल्याकडे बघत होते. पहिल्या ताटांना वाढताना डाव तळापासून फिरतो, घट्ट डाळ त्यांच्याकडे जाते. सूनबाईच्या वाटीत आलं ते वरचं पातळ पाणी, त्यात दोन मिरच्या आणि तेलाचा तवंग. सोबत दीड भाकरी. कुणी मुद्दाम करत नव्हतं, वाढण्याचा क्रमच तसा होता.

मी सगळं मांडलं तेव्हा दिवसाच्या जेमतेम तेराशे-चौदाशे कॅलरी भरल्या. दिवसभर वेचणी करणाऱ्या, पोटात बाळ असलेल्या बाईला हे अजिबात पुरत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार गरोदरपणात नेहमीच्या गरजेपेक्षा रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. प्रथिनं दुसऱ्या तिमाहीत साडेनऊ ग्रॅम आणि तिसरीत २२ ग्रॅम जास्त. तिच्या ताटात नेहमीचीच गरज भागत नव्हती.

घरात अन्न नव्हतं असंही नाही. गोठ्यात म्हैस होती. सकाळचं दूध डेअरीला, संध्याकाळचं चहाला. शेंगदाण्याचं पोतं होतं, ते ठेच्यापुरतं. अंगणवाडीतून तिच्या नावाने मिळणारा शिधा घरच्या डब्यांत मिसळला जायचा. तो रोजच्या ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं तिला एकटीला मिळावीत या हिशोबाने दिलेला असतो. पाच-सहा माणसांत वाटला की तिच्या वाट्याला काय येणार? अंडं गरम म्हणून बंद, तीळ गरम म्हणून बंद, केळं थंड म्हणून बंद. जळगाव जिल्ह्यातल्या घरात, जिथे केळ्याचा घड ओळखीच्या शेतातून फुकट येतो, तिथे गरोदर बाईला केळं नाही, हे बघून माझा जीव तुटला.

लोहाच्या लाल गोळ्या फळीवर तशाच होत्या. मळमळतं आणि शी काळी होते म्हणून तिने सोडल्या होत्या. शी काळी होणं हे लोहामुळेच होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही, एवढं वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंची भीती

सासूबाईंना मी मावशी म्हणते. त्यांच्याशी बोलणं झालं चुलीपाशीच. "आमना येळले कोन्ही वजन नही करं," त्या म्हणाल्या. "पोट मोठं व्हयनं का बाई अडस." मग हळूहळू सांगितलं. त्यांच्या जावेचं पहिलं बाळंतपण अडलं होतं. बैलगाडीने अमळनेरला न्यायला निघाले, बाळ वाटेतच गेलं. त्या बाळंतिणीजवळ या स्वतः बसलेल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी मनाशी ठरवलं, घरातल्या पोटुशी बाईला बेतानेच वाढायचं.

अशा भीतीला अंधश्रद्धा म्हणून हाणून पाडणारे सहकारी मी पाहिले आहेत. मला ते मान्य नाही. या बाईने डोळ्यांनी मरण पाहिलं होतं आणि आपल्या परीने ती सुनेला जपत होती. म्हणून मी आधी अडण्याची कारणं सांगितली. बाळ आडवं किंवा पायाळू असेल, आईचं कटीर, म्हणजे कमरेच्या हाडांमधली वाट, अरुंद असेल, आईला साखरेचा आजार असून बाळ अवाजवी वाढलेलं असेल, कळांना जोर नसेल. यातलं काही एक भाकरी जास्त खाल्ल्याने होत नाही. उंची १४५ सेंटीमीटरपेक्षा कमी असती तर मी आधीपासूनच जास्त सावध राहिले असते, सूनबाई १५० ची आहे. साखर तपासून झाली आहे. आणि आता दारात १०८ ची गाडी येते, अडलंच तर सिझरची सोय असलेल्या रुग्णालयात नेता येतं.

मग पाटीवर हिशोब मांडला. समजा अकरा किलो वाढले. बाळ त्यातलं तीन किलो. वार साधारण ६०० ते ७०० ग्रॅम. गर्भजल ८०० ग्रॅमच्या आसपास. वाढलेलं गर्भाशय किलोभर. वाढलेलं रक्त सव्वा ते दीड किलो, स्तनांची वाढ अर्धा किलो, बाकीचं अंगातलं पाणी आणि पुढे दूध यावं म्हणून अंगावर साठलेली चरबी. मावशी रक्ताच्या आकड्यावर थांबल्या. "रगत बी वाढस?" वाढतं, आणि बाळंतपणात रक्त जातं तेव्हा तेच वाढलेलं रक्त आईला सावरतं. जावेच्या बाळंतपणात रक्त किती गेलं होतं ते त्यांना आठवत होतं. पुढे मला फार बोलावं लागलं नाही.

उपाशी आईच्या पोटी बाळ लहान होतं म्हणून बाळंतपण सोपं होतं, हाही समज त्या दिवशी निघाला. अडीच किलोच्या आतलं बाळ लवकर गार पडतं, नीट ओढत नाही, संसर्गाला लवकर बळी पडतं. त्यांच्याच गल्लीत असं एक बाळ होतं, त्याचं उदाहरण मावशींनीच दिलं.

काय बदललं

महागडी पावडर मी लिहून दिली नाही. टीव्हीवरच्या डब्याच्या पैशांत महिनाभराची अंडी आणि दाणे येतात. घरात होतं त्यातलंच ठरवलं. सकाळच्या चहाआधी रात्रीची अर्धी भाकरी दुधात कुस्करून. शेतात डब्यासोबत मूठभर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा. तीस ग्रॅम दाण्यांतून १७० च्या आसपास कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. परत आल्यावर एक केळं आणि पेलाभर दूध. रात्री कळण्याची भाकरी, कारण ज्वारीत उडीद दळून घातले की त्याच भाकरीतून प्रथिनं वाढतात. एक उकडलेलं अंडं. पोकळा, मेथी किंवा शेवग्याची शेंग जी मिळेल ती भाजी, वर लिंबू. आणि तिची वाटी पहिल्या ताटांबरोबर भरायची, डाव तळापासून फिरवून. ती जेवायला मागून बसली तरी चालेल, पण वाटी आधी भरून झाकून ठेवायची. ही सोय मावशींनी सुचवली. सुनेला आधी जेवायला बसवणं त्या घरात जड गेलं असतं, यात कुणाचं मन मोडलं नाही.

कामाचं ठरवणं जास्त कठीण होतं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, हंगाम गेला की पैसा गेला. "पूर्ण आराम करा" असं कार्डावर लिहिणं सोपं असतं. आम्ही ठरवलं की ती दुपारपर्यंतच जाईल, गाठोडं डोक्यावर घेणार नाही, दुपारी दोन तास कुशीवर पडेल. नवऱ्याने गाठोड्यांची जबाबदारी घेतली. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतला पहिल्या हप्त्याचा ३,००० रुपयांचा अर्ज रखडला होता, तो आशाताईंनी पाठपुरावा करून मार्गी लावला. नंदुरबारकडे किंवा चोपडा-यावलच्या सातपुड्यातल्या आदिवासी गावांत अमृत आहार योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीत रोज एक वेळचं ताजं जेवण मिळतं. आमचं गाव त्यात बसत नाही. कपाशीच्या हंगामात तरी ते सगळीकडे मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण चौथ्या ते सातव्या महिन्यात वेचणीला जाणाऱ्या बायका आमच्या नोंदवहीत दर वर्षी असतात.

रक्तक्षय मध्यम होता, म्हणून लोहाच्या दोन गोळ्या रोज, जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत. चहा त्यानंतर तासभर नाही. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. जंताची गोळी दुसऱ्या तिमाहीत द्यायची राहिली होती, ती दिली.

पुढचे चार महिने

९ डिसेंबरला त्याच काट्यावर ४३. ९ जानेवारीला ४५.५, हिमोग्लोबिन १०.१, गर्भाशयाची उंची ३० सेंटीमीटर, म्हणजे आठवड्यांच्या दोनच मागे. जानेवारीत सातव्या महिन्याचं डोहाळजेवण झालं. ९ फेब्रुवारीला वजन ४७.५.

मधल्या एका आठवड्यात धावपळ झाली. जानेवारीच्या शेवटी सूनबाईचे पाय सुजले, जोडवी रुतायला लागली आणि आठवड्यात वजन दीड किलोने वाढलेलं दिसलं. घरात आनंद होता, वजन वाढतंय म्हणून. मी त्याच दिवशी बोलावून घेतलं. महिन्याला तीन किलोंपेक्षा जास्त किंवा असं एकदम वाढलेलं वजन खाण्याचं नसतं, बहुतेक वेळा ते अंगात साठलेलं पाणी असतं आणि त्यामागे वाढलेला रक्तदाब असू शकतो. रक्तदाब ११८/७६, लघवीत प्रथिनं नाहीत, डोकेदुखी नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, चेहऱ्यावर सूज नाही. दोन दिवस लग्नघरात उभं राहून काम झालं होतं. आठवडाभर रोज रक्तदाब पाहिला, पाय उंचावर ठेवायला सांगितले, सूज उतरली आणि वजनही एक किलोने खाली आलं. ज्या घरात वजनवाढीसाठी एवढा जीव टाकला, तिथे हे समजावणं गरजेचं होतं, कारण रक्तदाबाची सुरुवात अशीच कौतुकात झाकली जाते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वजन ४९. एकूण वाढ ९ किलो. कमी वजनाच्या बाईसाठी सांगितलेल्या १२.५ किलोंपर्यंत ती पोचली नाही. पहिले पाच महिने रिकामे गेले होते आणि ते भरून काढायला घाईने दुप्पट खायला घालणं योग्य नव्हतं. पण नोव्हेंबरपासून बाळंतपणापर्यंत आठ किलो, म्हणजे आठवड्याला जवळजवळ अर्धा किलो, ही वाढ तिला हवी तशीच झाली. ग्रामीण रुग्णालयात नैसर्गिक बाळंतपण, मुलगी, वजन २ किलो ७०० ग्रॅम. पहिल्या तासात अंगावर पाजली.

याच महिन्यात आमच्याकडे ६८ किलोची, १५२ सेंटीमीटर उंचीची दुसरी एक बाई नोंदवली गेली. तिचा बीएमआय २९ च्या वर. तिला मी हे ताट देणार नाही. तिच्यासाठी ७ ते ११.५ किलो पुरेत. गोड, तळलेलं आणि शेव-फरसाण कमी, डाळ, भाजी, ताक जास्त, आणि साखरेची चाचणी आधी. वजन उतरवण्याचा प्रयत्न मात्र गरोदरपणात तिनेही करायचा नाही.

सूनबाईचं वजन बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ४३.५ भरलं. दूध पाजताना पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, गरोदरपणापेक्षाही जास्त, म्हणून तिची वाटी अजून आधी भरली जाते. लोहाच्या गोळ्या १८० दिवस चालू ठेवायच्या आहेत. पुढच्या खेपेला किमान तीन वर्षांचं अंतर ठेवायचं आणि तोवर वजन ४५ च्या वर न्यायचं असं नवरा-बायको दोघांनी ठरवलं आहे. तांबी बसवायची की अंतराचं इंजेक्शन घ्यायचं, याबद्दल बोलायला ती पुढच्या ९ तारखेला येणार आहे.